वाघजाईचा पाहुणा

आमच्याकडे कुणी आलं आणि चहाला अवकाश असला, की स्वयंपाकघरातून हुकूम येतो, "अहो, तोवर तो कागदाच्या देवाचा किस्सा सांगा." आधणाला उकळी फुटली की किस्सा तिथेच थांबतो, कारण चहा निवलेला आमच्या मंडळींना खपत नाही. त्यामुळे हा किस्सा आजवर कुणीही पुरता ऐकलेला नाही. संपादकांनी लिहून मागितला तेव्हा मला भरूनच आलं. छापील गोष्टीत चहा मध्ये येत नाही.

माझा धंदा परवानग्यांचा. सिनेमाच्या कंपनीत नट असतात, नट्या असतात, कॅमेरावाला असतो, मिशा चिकटवणारा असतो. यांतला मी कुणी नव्हे. पडद्यावर माझं नाव कधी आलं नाही. एका चित्रात माझी पाठ आली होती, पण ती बैल उधळला म्हणून. कंपनीला डोंगर, देऊळ, खाडी असलं काही खरंखुरं हवं असलं, की दोन दिवस आधी मी तिथे जाऊन पोचायचं आणि कंपनी आली की तिच्या अंगावर कुणी काठी घेऊन येऊ नये एवढी तजवीज करायची, हे माझं काम.

लोकांना वाटतं, परवानगी म्हणजे कागद. अहो, कागद हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. कलेक्टरसाहेब सही करतात, कारण त्यांना जेवायला जायचं असतं. मामलेदार सही करतात, कारण कलेक्टरांनी केलेली असते. फौजदार विचारतात, "तलवारी खऱ्या की लाकडी?" आणि लाकडी म्हटलं की थोडे हिरमुसतात, पण सोडतात. मग गावचा खोत. त्याला आंब्याची पेटी देण्यात अर्थ नसतो, कारण आंबे त्याचेच असतात. त्याला नटीची ओळख करून द्यावी लागते. एवढं सगळं झालं म्हणजे खरं काम सुरू होतं. गावाला विचारायचं राहिलेलं असतं.

दाभोळला एका तांडेलाकडे होडी मागायला गेलो होतो. होडीबद्दल त्याची काही हरकत नव्हती. पण तुफानात होडी बुडते असं दाखवायचंय म्हटल्यावर त्याने तोंडातली विडी काढली.

"माजी होडी बुडताना दाखवायची नाय."

"अहो, खरी नाही बुडवणार. नुसतं दाखवायचं."

"ता दाकवायचाच नाय. खरी बुडाली तर एकदा बुडंल. तुमी तर रोज बुडवणार, नि वर तिकीट लावणार."

शेवटी त्या चित्रातली होडी तुफानातून सुखरूप परत आली आणि नायिकेचा बाप बिचारा तापाने मेला.

तर मूळ गोष्ट. तेव्हा सिनेमा मुका होता आणि मी रत्नागिरीच्या कचेरीबाहेर एका अर्जनविसाच्या हाताखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत होतो. अक्षर मोत्यासारखं होतं, पण माझे अर्ज मंजूर होत नसत. मुंबईहून तात्यासाहेब आले. कंपनी त्यांची, डायरेक्शनही त्यांचंच. त्यांना या बाजूची बोली समजणारा माणूस हवा होता. ते म्हणाले, "दत्तू, हे एक चित्र निभावून ने. नीट पार पडलं तर तू कायम. नाही पार पडलं तर बोट आम्हाला घेऊन जाईल आणि तू बंदरावरून रुमाल हलव."

या 'कायम' शब्दावर माझं लग्न अडलं होतं. देवरुखच्या बाजूची मुलगी पाहिली होती. तिच्या वडिलांनी सिनेमा हा शब्द ऐकून डोळे मिटले होते, ते उघडून एवढंच विचारलं, "कायम आहे का? कायम असेल तर नरकातली नोकरीसुद्धा चालेल." मी म्हटलं, होईल. ते म्हणाले, "झाली की या."

तात्यासाहेबांना सड्यावरचं, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरचं एक ठिकाण आवडलं होतं. गावाचं नाव इथे कातळशेत म्हणू. उघडा काळा कातळ, कडेला वाघजाईचं देऊळ आणि खाली निळा समुद्र. तिथे एक राक्षसराजा आपल्या राणीच्या पूजेतली विष्णूची मूर्ती गदेने फोडणार, मूर्तीतून ज्वाळा निघणार आणि राक्षस भस्म होणार, असा शेवट होता. ज्वाळांसाठी राळ आणली होती. राक्षस होता गुलाबराव, कोल्हापूरचा पैलवान. भाकरी मोडतानासुद्धा तो इतका जोर लावायचा की पलीकडच्याच्या ताटात तुकडे उडत. मूर्ती करायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी सगळ्यांना काम होतं.

मूर्ती मी आमच्या पडवीत केली. बांबूच्या कांबी आणि चिंचोक्याची खळ घरचीच होती. लगद्याला कागद हवा म्हणून कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाकडून रद्दी आणली. नामंजूर झालेले अर्ज होते ते, त्यात निम्मे माझ्याच हातचे. ते भिजवून, कुटून मी चतुर्भुज विष्णू उभा केला. वैशाखातल्या दमट हवेत खळ काही धड वाळेना, त्यामुळे देवाचं नाक उजवीकडे कललं. आई म्हणाली, "असू दे. देव आहे, त्याला कोण बोलणार?"

सरकारी कागद झाले. खोत बापूराव नटीला नमस्कार करून पाघळले. आता वाघजाई.

या बाजूला गावाची मालक देवी. तिला कौल लावतात. देवीच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यावर अपील नाही. देवीचा गुरव होता धाकू. त्याने पाकळ्या लावल्या आणि 'मुंबैची सिनेमा कंपनी' असं म्हणायचा अवकाश, डावी खाली.

देवरुखची मुलगी डोळ्यांसमोरून बैलगाडीत बसून दुसऱ्याच्या घरी निघाली.

धाकू मात्र शांत होता. "घाबरू नको दत्तूभाऊ. सिनेमा मंजे काय ता देवीला कसा समजायचा? ती कदी मुंबैला गेलीय? तिला समजंल असा सांगूया. तुमच्यासंगती कोण कोण हाय?"

मी सांगितलं, अमके आहेत, तमके आहेत, नि विष्णूची मूर्ती आहे.

"देव हाय? मग आदी नाय का सांगायचा!" धाकूने नव्या पाकळ्या लावल्या आणि खडा सूर लावला, "बाय वाघजाये, आमची राखणदारीण तू! आज मुंबैची लेकरां तुज्या दारात आलीत. त्यांचा देव त्यांच्यासंगती हाय. तो तुज्या शिवंत पाव्हणा म्हणून येतोय. चार दिस ऱ्हाईल, आपला खेळ करील नि जाईल. त्याला तुजी सावली दे, नि तुज्या मनात असंल तर उजवा दे गो बाय!"

"व्हय म्हाराजा!" गाव ओरडलं. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

उजवी पाकळी टपकन पडली. मी धाकूला मिठी मारली. असा हुशार गुरव जिल्ह्यात नाही, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगत सुटलो.

कंपनी आली. मूर्ती गाडीवरून शिवेत शिरते न शिरते तोच समोरून ढोल वाजला. देवीचं निशाण घेऊन अख्खा गाव पाहुण्याच्या भेटीला आलेला. एक गावची देवी, एक बाहेरचा देव; भेट झाल्याशिवाय पुढे कसं जायचं? निशाण मूर्तीला टेकवलं, नारळ फुटला. तात्यासाहेब खूश. "दत्तू, हे लोक फारच भाविक आहेत हो!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते खूश नव्हते. सकाळी सड्यावर जाऊन बघतो तर मूर्तीवर नारळीच्या झावळ्यांचा मांडव! शेजारी सखूआते पंखा घेऊन बसलेली. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, धाकूसुद्धा तिला टरकून असे.

"आते, हे काय?"

"काय मंजे? पाव्हण्याला उनात ठेवलांव होता. त्याच्या नाकाला बग घाम फुटलाय."

तो घाम नव्हता, खळ होती. पण ते सांगायची सोय राहिलेली नव्हती. मुक्या चित्राला सगळा उजेड सूर्याचा. चंदेरी पत्रे धरून आम्ही तो नटांच्या तोंडावर पाडत असू. मांडवाखाली काय दिसणार? तासभर रदबदली झाल्यावर ठरलं, की शूटिंगपुरता मांडव उचलायचा, झालं की पुन्हा घालायचा. तेवढा वेळ आते आमच्याकडे बघत तोंडाने 'च्च, च्च' करीत राही.

इतर सगळे प्रसंग झाले. उरला शेवटचा. आकाशात ढग जमू लागले होते. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या बेतात होत्या आणि शेवटची बोट उद्याची होती. ती चुकली असती तर कंपनी चार महिने रत्नागिरीत फणस खात बसली असती.

मांडव उचलला. गुलाबराव शिंगं लावून, दाढी लावून, गदा घेऊन उभे राहिले. तात्यासाहेब ओरडले, "हं! क्रोधाने पुढे! उचल गदा!"

गुलाबरावांनी गदा उचलली आणि सगळा गाव उठून उभा राहिला.

"ह्यो काय करतोय?" धाकूने मला विचारलं.

"मूर्ती फोडतोय. म्हणजे, खेळात."

"पाव्हण्याला मारतोय? आमच्या शिवंत?"

तात्यासाहेब पुढे आले. "अहो, ती कागदाची आहे! या दत्तूने केलीय!"

"तुमची असंल कागदाची," धाकू म्हणाला. "आमच्या देवीनं तिला पाव्हणा म्हणून घेतलान. तुमीच बोल्लांव ना, व्हय म्हाराजा म्हणून? ह्या दत्तूभाऊचा आवाज तर बंदरापत्तूर गेला व्हता."

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत बोट सुटल्याचा भोंगा वाजत होता.

मी धावत जाऊन खोतांना आणलं. बापूराव छत्री उघडून रुबाबात आले. "सडा माझा आहे. मी सांगतो, फोडा."

"सडा तुमचा, खोतानू," सखूआते म्हणाली. "पाव्हणा देवीचा. तुमाला वाटत असंल तर तुमीच घाला की पयला टोला."

बापूरावांनी मूर्तीकडे पाहिलं, गदेकडे पाहिलं, छत्री मिटली. "मी जागेची परवानगी दिलेली आहे," ते मला म्हणाले, "फोडण्याचं खातं माझ्याकडे नाही."

पुन्हा कौल लावला. पाहुण्याला खेळात मारलं तर चालेल का, असं विचारायचं होतं. धाकूचं वाक्य पुरं व्हायच्या आत डावी पाकळी पडली. पडली म्हणजे काय, तिने उडीच मारली.

अशा वेळी माणसाला कल्पना सुचतात. न सुचतील तर बरं. मी तात्यासाहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, "पाहुणा गावाच्या शिवेत पाहुणा. शीव ओलांडली की संपलं. तो पऱ्या दिसतोय ना, पावसाळ्यात वाहतो नि आता कोरडा आहे, ती शीव. गावकऱ्यांनी पाहुण्याला तिथवर पोचवावं. पल्याड नेऊन आपण फोडू. कातळ तिथेही काळाच आहे."

तात्यासाहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. धाकूलाही काही वावगं वाटलं नाही. पाहुणा कधी तरी जाणारच. सखूआतेने डोळे पुसले, देवाला वाटेत खायला म्हणून पातोळे बांधून दिले. मूर्ती पाटावर बसवली, ढोल वाजू लागले, मिरवणूक निघाली. मी, तात्यासाहेब, कॅमेरावाला आणि गदाधारी गुलाबराव आडवाटेने पुढे जाऊन पऱ्याच्या पल्याड उभे राहिलो. कॅमेरा लावला. आता फक्त पाट येऊ दे!

पाट पऱ्यात उतरला आणि आमच्या पाठीमागून ढोल वाजले.

वळून बघतो तर पलीकडचा गाव, निशाण घेऊन, नारळ घेऊन, नटूनथटून आलेला. त्यांचा म्होरक्या धापा टाकत म्हणाला, "कातळशेताचा ढोल आयकला नि धावत आलो. देव शिवंवर येतोय नि सामोरा जायचा नाय? आमच्या गावात काय पाव्हण्याला पाणी देत नाय?"

मी काही बोलायच्या आत ते पऱ्यात उतरून पाटाला हात घालून मोकळे झाले. तोवर कुठूनशी त्या लोकांना बातमी लागली होती, की मुंबईवाले मूर्ती फोडायला बघताहेत. ती ऐकून ते कातळशेतकरांवर घसरले, "नि तुमी फोडायला सोडतांव? द्या आमच्याकडं, आमी बघतो कोण हात लावतो!" आता कातळशेतकरांनी पाट सोडला असता तर त्यांचं नाक गेलं असतं. अलीकडचे अलीकडे ओढू लागले, पलीकडचे पलीकडे. कोरड्या पऱ्याच्या मध्यावर माझा विष्णू ढोलाच्या तालावर डोलू लागला. आतल्या कांबी करकरताना मला ऐकू येत होत्या.

तेवढ्यात गुलाबरावांनी गदा फेकली आणि शिंगंबिंगं सांभाळत पऱ्यात उडी घेतली. "आरं सोडा की! देवाचा हात मोडंल!" असं ओरडत तो आडदांड गडी गर्दीत घुसला, एकेकाला कोपराने दूर सारत मूर्तीपाशी पोचला आणि तिला दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभा राहिला. राक्षसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मागाहून कळलं, की रोज पहाटे रंग लावण्याआधी तो मूर्तीच्या पाया पडत असे आणि म्हणत असे, "देवा, शेवटच्या दिवशी राग धरू नको, पोटासाठी करतोय."

"फिरव!" तात्यासाहेब किंचाळले. "अरे हँडल फिरव!"

पण कॅमेरावाला केव्हापासूनच हँडल फिरवत होता.

धाकू पुढे आला. त्याने हात वर केला तसे ढोल थांबले. मूर्तीपुढे उभा राहून त्याने गाऱ्हाणं घातलं, "बा पाव्हण्या देवा, दोन गावांत तुज्यावरनं तंटा नको. तुज्या मनात आमच्या वाघजाईपाशी ऱ्हायचा असंल तर उजवा दे!"

पाकळ्या लावलेल्याच नव्हत्या. पण वरचा उजवा हात, शंखासकट, खळ सुटून अलगद वाळूत पडला.

कौल झाला होता. पलीकडच्या गावाने हात जोडले, आणलेला नारळ तिथेच फोडला आणि खोबऱ्याचा निम्मा वाटा कातळशेतकरांना दिला. सखूआतेने पडलेला हात पदरात घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जरा खळ घट कर रे बाबा."

चित्राचा शेवट बदलला. राक्षसाला उपरती होते आणि प्रजेच्या हल्ल्यापासून तो स्वतःच देवाला वाचवतो, अशी अक्षरांची पाटी तात्यासाहेबांनी मध्ये घातली. थिएटरात बायका रडल्या असं म्हणतात. राळ तशीच परत आली. बोटीवर तात्यासाहेब म्हणाले, "दत्तू, तू कायम. पण यापुढे देव तू करायचा नाहीस." देवरुखच्या मुलीने त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं आणि ती या घरात आली. आता ती आधण ठेवते.

त्या चित्राची रिळं आता कुठे नाहीत. बोलपट आले आणि मुकी चित्रं कुणाला नकोशी झाली. काही जळली, काही चांदी काढायला गेली. गुलाबराव सिनेमा सोडून गावी तालीम चालवतात. कधी वाटतं, एकदा तरी ते डोळ्यांतलं पाणी पुन्हा बघायला मिळावं.

मधे पुष्कळ वर्षं गेली. परवा एका बोलपटाच्या कंपनीसाठी मी पुन्हा कातळशेतला गेलो. सगळे कागद झाले होते. धाकू थकला होता, पण ओळखलंन. देवळात गेलो तर वाघजाईच्या शेजारी तो! आमच्या पडवीतला. होड्यांना चोपडतात ते तेल दरसाल लावून लावून शाळिग्रामासारखा काळा झालेला. तुटलेला हात पुन्हा चिकटवलेला, नाक तसंच.

"दत्तूभाऊ," धाकू म्हणाला, "आता दोगांचा कौल लागतो हां."

वाघजाईने लगेच उजवा दिला. मग धाकूने त्याच्या अंगावर पाकळ्या लावल्या. मी हात जोडले. म्हटलं, देवा, आपली जुनी ओळख आहे. तुझे कान मी केले, बोटं मी वळली.

डावी पडली.

"पुन्हा लावून बघू या का?"

"नको," धाकू हळूच म्हणाला. "तुमची माणसां त्याला फोडाया आली व्हती. तो कसा इसरंल?"

सखूआते आता नाही. तिच्या सुनेने माझ्या हातावर प्रसादाची साखर ठेवली आणि समजूत घातली, "रागावू नका हो. वळख हाय म्हणून तर सपष्ट सांगितलान."

घरी येऊन हकीकत सांगितली. म्हटलं, कलेक्टरने नाही म्हटलं असतं तर वर साहेब आहे. वाघजाईने नाही म्हटलं असतं तर गाऱ्हाणं बदलून घातलं असतं. पण ज्याला मी माझ्या हाताने खळ लावली त्यानेच नाही म्हटल्यावर मी दाद कुणाकडे मागायची?

"त्याच्या पोटात तुमचेच नामंजूर अर्ज ना?" आमची मंडळी म्हणाली. "मग तो दुसरं काय सांगणार? घ्या, चहा निवतोय."